विश्लेषण : हिवाळी ऑलिम्पिकचा समारोप दूरदर्शनवर का दिसला नाही?

बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकची सांगता रविवारी, २० फेब्रुवारी २०२२ रोजी झाली. तिथे रात्रीचे आठ वाजले होते, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. सुट्टीचा दिवस आणि टीव्हीसमोर बसण्याची वेळ, तरीही ‘डीडी स्पोर्ट्स’ने हा सोहळा थेट न दाखवण्याचे आधीच जाहीर केले होते. समाजमाध्यमांवर मात्र सोहळ्याच्या क्लिप फिरत होत्या. वागळे इस्टेटच्या बसमध्ये उभ्याने मोबाइल पाहणाऱ्यालाही त्या मिळत होत्या. मग टीव्हीवरच्या या बहिष्काराने नेमके काय साधले?

निर्णय काय होता?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले की बीजिंगमधील भारतीय दूतावासाचे प्रभारी अधिकारी उद्घाटन आणि समारोप या दोन्ही सोहळ्यांना जाणार नाहीत. पाठोपाठ प्रसार भारतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी शशी शेखर वेम्पती यांनी सांगितले की डीडी स्पोर्ट्स हे दोन्ही सोहळे थेट प्रक्षेपित करणार नाही. ही घोषणा फक्त सोहळ्यांपुरती होती. भारताने स्पर्धेतून खेळाडू मागे घेतला नाही.

गलवानचा संबंध काय?

२ फेब्रुवारीला बीजिंगमधील मशाल दौडीत ची फाबाओ हा चिनी लष्करी अधिकारी धावला. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात झालेल्या चकमकीत तो जखमी झाला होता. त्याच चकमकीत भारताचे २० जवान हुतात्मा झाले. चीनने आपले चार सैनिक मृत्युमुखी पडल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केले. मशालीसाठी अशा अधिकाऱ्याची निवड म्हणजे ऑलिम्पिकचे राजकारण करणे आहे, असा भारताचा आक्षेप होता.

विशेष म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी मानवी हक्कांच्या मुद्द्यावर डिसेंबर २०२१ मध्येच राजनैतिक बहिष्कार जाहीर केला होता. भारत त्या गटात नव्हता. उलट नोव्हेंबर २०२१ मध्ये रशिया-भारत-चीन परराष्ट्रमंत्र्यांच्या संयुक्त निवेदनात बीजिंगच्या यजमानपदाला पाठिंबा होता. एका मशालधारकामुळे ही भूमिका बदलली.

पडद्यावरचे चित्र कोण ठरवते?

ऑलिम्पिकची दृश्ये प्रत्येक देशाची वाहिनी स्वतः टिपत नाही. ‘ऑलिम्पिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस’ ही आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची संस्था मूळ चित्रण करते आणि हक्क विकत घेतलेल्या वाहिन्या तेच चित्रण आपापल्या समालोचनासह दाखवतात. कॅमेरा कुठे वळवायचा हे वाहिनीच्या हातात फारसे नसते. दाखवायचे की नाही, एवढे असते. उद्घाटनाच्या आणि समारोपाच्या सोहळ्यात खेळ कमी आणि यजमान देशाचे दर्शन जास्त असते. त्यामुळे सोहळा गाळून स्पर्धेत भाग घेणे, हा निषेधाचा कमी खर्चाचा आणि स्पष्ट कळणारा मार्ग ठरला.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया काय होत्या?

जवानांच्या बलिदानापुढे दोन तासांचा सोहळा काय मोठा, ही भावना सहज समजण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजूचा प्रश्नही रास्त आहे : सरकारी वाहिनीने प्रेक्षकाला माहिती देऊन निर्णय त्याच्यावर सोडायला हवा होता का?

जगभरातले प्रेक्षक वेगळ्याच गोष्टींवर बोलत होते. ‘बिग एअर’ स्कीइंगच्या उताराशेजारी टीव्हीवर प्रचंड शीतकरण मनोरे दिसले आणि ही स्पर्धा अणुप्रकल्पात चालली आहे का, असे विनोद सुरू झाले. ती जागा खरे तर शौगांग या जुन्या पोलाद कारखान्याची. कारखाने जाऊन आयटी पार्क आलेले वागळे इस्टेट पाहिलेल्यांना हा बदल ओळखीचा वाटेल. फिगर स्केटिंगमध्ये उत्तेजक चाचणीच्या वादात सापडलेली १५ वर्षांची रशियन खेळाडू कामिला वालिएव्हा पुन्हा पुन्हा पडली, तेव्हा विनोद थांबले. ते टीव्हीवर पाहून आपण अस्वस्थ झालो, असे ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांनीही दुसऱ्या दिवशी सांगितले.

अमेरिकेत एनबीसीच्या मुख्य वेळेतील प्रेक्षकांची सरासरी सुमारे १ कोटी १४ लाखांवर आली. २०१८ मध्ये ती १ कोटी ९८ लाख होती. वेळेतला फरक, करोनाचे निर्बंध, रिकामी आसने आणि मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहण्याची सवय, ही कारणे त्यामागे सांगितली जातात.

याआधी असे झाले होते का?

१९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला, तेव्हा एनबीसीनेही आपले नियोजित प्रक्षेपण जवळपास गुंडाळले. पुढचे यजमान लॉस एंजेलिस होते, पण समारोपात अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाऐवजी त्या शहराचा ध्वज चढवला गेला. भारत मॉस्कोला गेला होता आणि त्याने हॉकीचे सुवर्ण जिंकले.

२०१४ मध्ये सोचीच्या उद्घाटनात पाचवे वर्तुळ उघडलेच नाही. रशियन वाहिनीने त्या क्षणी सरावाचे चित्रण दाखवले. समारोपात नर्तकांनी मुद्दाम तेच अपुरे वर्तुळ साकारले आणि यजमानांनी स्वतःचीच थट्टा केली. एका ठिकाणी झाकलेले दृश्य दुसरीकडून बाहेर येतेच, हे तेव्हाही दिसले होते.

तोटा कोणाचा झाला?

चीनचा नाही. त्याचा सोहळा जगाने पाहिला. भारताचा निषेध नोंदला गेला, हेही खरे. चुकामूक झाली ती भारतीय प्रेक्षक आणि आरिफ खान यांची. काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यातील हा स्कीपटू बीजिंगमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. तो दोन प्रकारांसाठी पात्र ठरला होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला, स्लॅलममध्ये पहिली फेरी पूर्ण करू शकला नाही. ४ फेब्रुवारीला उद्घाटनात तिरंगा त्याच्याच हाती होता आणि नेमका तोच क्षण सरकारी वाहिनीवर थेट दिसला नाही. ज्याच्याकडे मोबाइल डेटा आहे त्याने तो नंतर शोधून पाहिला असेल. फक्त मोफत डीटीएचवर अवलंबून असलेल्या घराला तेवढा पर्याय नव्हता.

पुढे काय?

समारोपात ऑलिम्पिक ध्वज मिलान आणि कोर्तिना या इटलीतील शहरांकडे गेला. त्यानंतरची हिवाळी स्पर्धा फेब्रुवारी २०२६ साठी ठरली. तिथे हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा झालेले असतात. निषेध कसा करायचा हे ठरवणे सरकारचे काम आहे. पण सोहळा गाळूनही आपल्या खेळाडूच्या संचलनाचा अर्धा मिनिट बातम्यांत आवर्जून दाखवता येतो. पुढच्या वेळी असा प्रसंग आलाच, तर एवढे तरी व्हायला हवे.