एकोणतीस गुण, नापास

पुण्यातला अठ्ठावीस वर्षांचा एखादा इंजिनीअर घ्या. इथल्याच कॉलेजातली बी.ई., नोकरीत पाच-सहा वर्षे मुरलेला, इंग्रजी फर्डे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिनेटर टॉम कॉटन आणि डेव्हिड पर्ड्यू यांनी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या शेजारी उभे राहून ‘रेझ’ विधेयकाचा जो गुणतक्ता जाहीर केला, त्यात या मुलाला बसवून पाहू. वय २६ ते ३० असेल तर सर्वाधिक १० गुण. अमेरिकेबाहेरच्या पदवीचे ५. इंग्रजीच्या परीक्षेत अगदी वरच्या फळीत आला तर १२. बेरीज २७. पात्रता ३० गुणांची. बी.ई.वर एम.टेक. केले असेल तर पदवीचे ५ जाऊन ७ मिळतात, म्हणजे २९. तरीही नापास!

राहिलेला एक गुण मिळवायचे मार्गही तक्त्यात आहेत. त्या राज्यातल्या मध्यम कुटुंबाच्या उत्पन्नाच्या किमान दीडपट पगाराची नोकरी अमेरिकी कंपनीने आधीच देऊ केली तर ५ गुण. साडेतेरा लाख डॉलर गुंतवले तर ६. ऑलिंपिकचे पदक असेल तर १५ आणि नोबेल मिळाले असेल तर २५. तेव्हा आमच्या इंजिनीअरने आधी मालक शोधावा, नाहीतर धनको, नाहीतर थेट स्टॉकहोम गाठावे.

हे विधेयक मतदानापर्यंतही पोहोचले नाही. पण त्यामागची कल्पना मेलेली नाही. दर निवडणुकीत ती नवे कपडे घालून येते: अमेरिकेने नातेवाइकांना नव्हे, गुणवंतांना प्रवेश द्यावा. स्थलांतराचे कायदे हा या सदराचा नेहमीचा प्रांत असल्याने वाचकांची पत्रे येतात, आणि त्यांतला सूर बहुधा एकच असतो. मेरिट आले की आपल्या मुलांचे भले होणार. या समजुतीचा हिशेब एकदा मांडायला हवा.

पहिला आकडा रेझ विधेयकातलाच. नोकरी आणि कौशल्याच्या आधारे अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे देते. ही मर्यादा १९९० च्या कायद्याने ठरली आणि तिच्यात पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात, त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या वाट्याला निम्म्याच्या आसपासच जागा येतात. रेझ विधेयकाने गुणतक्ता आणला, पण जागा ठेवल्या तेवढ्याच, १,४०,०००. गुणवंतांसाठी एकही जागा वाढली नाही. कात्री लागली ती दुसरीकडे. भावंडांचा आणि सज्ञान मुलांचा मार्ग बंद, लॉटरीने मिळणारी ५०,००० विविधता व्हिसांची सोय बंद, निर्वासितांना वर्षाला ५०,००० ची मर्यादा. आई-वडिलांना ग्रीन कार्डाऐवजी पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, तोही मुलाने त्यांच्या आरोग्यविम्याची हमी दिली तर. अमेरिकेत कायदेशीररीत्या स्थायिक होणाऱ्यांची वार्षिक संख्या दहा लाखांच्या घरात होती; ती दहा वर्षांत निम्म्यावर आणणे हा या विधेयकाचा उघड हेतू होता. त्याच्या घोषणेत गुणवत्ता होती, तरतुदींत कपात.

उलट उदाहरणही समोर आहे. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक व्यापक विधेयक मंजूर केले. त्यातही गुणांवर आधारित नवा प्रवाह होता, पण तो १,२०,००० जागांपासून सुरू होऊन २,५०,००० पर्यंत वाढणारा. भावंडांचा मार्ग त्यातही बंद होणार होता. मात्र नोकरीच्या ग्रीन कार्डावरची देशनिहाय मर्यादा उठणार होती. विनापरवाना राहणाऱ्या लाखो लोकांना नागरिकत्वाची वाट देण्याची तरतूद रिपब्लिकन पक्षातल्या अनेकांना पचली नाही आणि प्रतिनिधीगृहाने ते विधेयक पटलावरच घेतले नाही. चार वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन्ही विधेयके गुणवत्तेचे नाव घेत होती. एक दार रुंद करत होते, दुसरे अरुंद.

मेरिटवाद्यांची बाजू मात्र पोकळ नाही. नातेवाइकांच्या साखळीवर टीका करणारे सगळे वर्णद्वेषीच, हा डाव्यांचा आवडता समज इतिहासात टिकत नाही. टेक्ससच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट नेत्या बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९९५ मध्ये भावंडांचा आणि सज्ञान मुलांचा प्रवर्ग रद्द करून एकूण स्थलांतर वर्षाला ५,५०,००० वर आणावे, अशी शिफारस केली होती. जॉर्डन यांना चिंता होती ती जवळच्या कुटुंबाची: पती-पत्नी आणि लहान मुले ताटकळत असताना लांबच्या नात्यांना जागा का द्यायची? हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास स्वतः क्यूबातून आलेले. कमी शिकलेल्या स्थलांतरितांमुळे तितक्याच शिकलेल्या अमेरिकी कामगारांचे वेतन दबते, असे ते अनेक वर्षे मांडत आले आहेत. त्यांच्याशी असहमत असणारे अर्थतज्ज्ञ पुष्कळ आहेत, पण प्रश्न खराच आहे. शिवाय भावंडांची रांग ही तशीही क्रूर थट्टा झाली आहे. भारतातून २००६ मध्ये अर्ज केलेल्यांचा नंबर २०२५ मध्ये लागत होता. तिशीत अर्ज केलेला भाऊ पन्नाशीत पोहोचतो, तेव्हा त्याच्या नातवंडांची चर्चा सुरू झालेली असते.

पण नाती विरुद्ध गुण ही लढाई अमेरिकेने एकदा लढून पाहिली आहे, आणि तिचा निकाल कुणालाच अपेक्षित नव्हता. १९२४ च्या कायद्याने युरोपीय देशांना कोटे वाटून दिले होते आणि आशियाला जवळजवळ पूर्ण बंदी होती. १९४६ मध्ये भारतीयांसाठी दार किलकिले झाले, वर्षाला १०० माणसांपुरते. १९६५ मध्ये हे कोटे मोडायचे ठरले तेव्हा सरकारच्या मूळ प्रस्तावात निम्म्या जागा कौशल्याला होत्या. ओहायोचे डेमोक्रॅट सदस्य मायकेल फीगन स्थलांतरविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते. त्यांनी क्रम फिरवला. नात्यांना सुमारे तीनचतुर्थांश जागा, आणि विद्वान, व्यावसायिकांना १० टक्के. हिशेब साधा होता. अमेरिकी लोकांचे बहुतेक नातेवाईक युरोपातच, तेव्हा नात्यांना झुकते माप दिले की देशाचा रंग बदलणार नाही. ३ ऑक्टोबर १९६५ ला लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही करताना हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असे सांगून सर्वांना धीर दिला.

पुढे युरोप सुखवस्तू झाला आणि तिथून येणाऱ्यांचा ओघ आटला. त्या १० टक्क्यांतून आशियाई डॉक्टर-इंजिनीअर आले, आणि फीगन यांनी युरोपीयांसाठी रुंद केलेल्या नात्यांच्या वाटेने त्यांची भावंडे आणि आई-वडील. अमेरिकेतल्या मराठी माणसाची कथा हीच. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडचा डॉक्टर किंवा इंजिनीअर गेला तो गुणांवर. धाकटा भाऊ गेला तो ‘दादाने स्पॉन्सर केले’ म्हणून. आई गेली नातवंडे सांभाळायला. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, गावोगावची मंडळे वाढली, गणपती बसू लागले, मराठी शाळा भरू लागल्या. पीएच.डी.वाल्याला वसाहत करता येत नाही, कुटुंबांना येते. नवख्याला पहिल्या महिन्यात घर, गाडी आणि हिवाळी कोट मिळवून देणारी यंत्रणा म्हणजे नातेच. जे हात ‘चेन मायग्रेशन’च्या विरोधात आता वर होतात, त्यांतले कित्येक त्याच साखळीने तिथे पोहोचलेले आहेत. ही विसंगती मराठी माणसापुरती नाही. साखळीवर सर्वांत मोठ्याने तुटून पडणाऱ्या ट्रम्प यांच्या सासू-सासऱ्यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, ती मुलीच्या नात्यानेच.

आपल्या यशाचा अर्थही आपण जरा सैल लावतो. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी २०१६ च्या ‘द अदर वन पर्सेंट’ या अभ्यासात अमेरिकेतल्या भारतीयांची तिहेरी निवड झाल्याचे दाखवले. आधी शिक्षणापर्यंत पोहोचू देणारी जात आणि वर्ग, मग परीक्षांची चाळणी, मग अमेरिकी व्हिसाची. नाममात्र फीत सरकारी मेडिकल कॉलेजात शिकून गेलेला डॉक्टर हुशार होताच. पण त्याच्या गुणपत्रिकेमागे एक शिकलेले घर आणि करदात्यांचा पैसाही उभा होता. महाराष्ट्रात आरक्षणाच्या वादात मेरिट हा शब्द ढालीसारखा वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे, कारण अमेरिकेत तीच ढाल आता आपल्या छातीशी येऊन भिडते आहे.

ती कशी, हे देशनिहाय मर्यादेत दिसते. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, असा नियम आहे. दीड अब्जाच्या आसपास लोकसंख्येच्या भारताला आणि चार लाखांच्या आत-बाहेर असलेल्या आइसलँडला मर्यादा सारखीच. परिणामी २०२५ मध्ये नोकरीच्या ग्रीन कार्डांच्या ‘ईबी-टू’ आणि ‘ईबी-थ्री’ या प्रवर्गांच्या भारतीय रांगेत २०१३ च्या प्रायॉरिटी डेटवाल्यांचा, म्हणजे तेव्हापासून रांगेत असलेल्यांचा, नंबर लागत होता. केटो इन्स्टिट्यूटचे डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला: रांगेतले भारतीय सुमारे ११ लाख, आणि नव्याने उभ्या राहणाऱ्याला थांबावे लागेल १३४ वर्षे. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचे आणि तारीख आठवडाभर तरी पुढे सरकली का ते पाहायचे, हा हजारो मराठी घरांचा नेम झाला आहे. लहानपणी ‘एच-फोर’ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेला मुलगा एकवीस पूर्ण होताच आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतो. शाळा अमेरिकेतली, बोलणे अमेरिकेतले, आणि कागदावर परदेशी विद्यार्थी.

गुणवत्तेचा जो कोणी खरा पुरस्कर्ता असेल, त्याने पहिला घाव इथे घालायला हवा. एकाच कंपनीत, एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला दोन वर्षांत कार्ड आणि दुसऱ्याला हयातीत नाही, फरक फक्त जन्मगावाचा. याला गुणवत्ता कोणत्या हिशेबाने म्हणायचे? डिसेंबर २०२४ मध्ये कसोटी झाली. ट्रम्प यांनी श्रीराम कृष्णन यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणासाठी सल्लागार नेमले, आणि ग्रीन कार्डावरची देशनिहाय मर्यादा काढावी असे कृष्णन यांनी पूर्वी म्हटल्याचे उघड होताच ट्रम्पसमर्थकांतलाच एक गट त्यांच्यावर तुटून पडला. इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी कौशल्याच्या बाजूने उतरले, तर त्यांचीही सालटी निघाली. नातेवाईक नकोत, गुणवंत हवेत, असे सांगत आलेल्या गोटातल्या या मंडळींना गुणवंत मोठ्या संख्येने एकाच देशातून येतात म्हटल्यावर तेही नकोसे झाले.

अमेरिकी काँग्रेसनेही देशनिहाय मर्यादेचा हा नियम बदलायचा प्रयत्न केला होता. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी, आणि डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने एकमताने, मर्यादा उठवणारी आपापली विधेयके मंजूर केली. दोन्हींचा मेळ घालायच्या आत त्या काँग्रेसची मुदत संपली. विरोधकांचा मुद्दा तेव्हाही रास्त होता: जागा वाढवल्या नाहीत तर भारतीयांची रांग आखडेल, पण फिलिपिन्सच्या नर्सची लांबेल. म्हणूनच मर्यादा उठवणे आणि १,४०,००० चा आकडा वाढवणे ही दोन्ही कामे एकत्रच व्हायला हवीत.

त्याऐवजी झाले काय? १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी नव्या ‘एच-वन-बी’ अर्जासाठी १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर केले. त्याच दिवशी ‘गोल्ड कार्ड’चा आदेश निघाला: सरकारला १० लाख डॉलरची देणगी द्या, ती तुमच्या असामान्य क्षमतेचा पुरावा मानली जाईल. ज्या प्रवर्गात संशोधक आपले शोधनिबंध आणि शिफारशी घेऊन उभे राहतात, त्याच प्रवर्गात चेकबुकाला मान मिळाला.

गुणपद्धत मुळातच वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. कॅनडाने १९६७ मध्येच ती आणली. तिच्यातून पदव्यांचे गठ्ठे घेऊन टॅक्सी चालवणारे डॉक्टर निर्माण झाले, तेव्हा २०१५ मध्ये ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ आली. नोकरीच्या खोट्या पत्रांचा बाजार भरला, तेव्हा मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या प्रस्तावाचे गुणच काढून टाकले. तिथला तक्ता सतत बदलतो, आणि त्यामुळे कालचा पात्र आजचा अपात्र ठरतो, हा जाचही आहे. पण तो तक्ता उघड असतो, अर्जदाराला आपली बेरीज कळते, जन्मदेशाचा रकाना ती बिघडवत नाही, आणि कुटुंबांसाठी वेगळी वाट शिल्लक राहते.

अमेरिकेत मत देणाऱ्या मराठी मंडळींपुढे त्यामुळे मागण्यांची यादी सरळ आहे. जागा वाढवा, पती-पत्नी आणि मुलांना त्या मोजणीतून वगळा, एकविशीत बाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलांना आई-वडिलांच्या अर्जात राहू द्या, जन्मदेशाची मर्यादा काढा आणि आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाला हात लावू नका. मेरिटच्या नावाने मत मागायला येणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला विचारावे: गुणवंतांच्या जागा किती वाढवणार, आकडा सांगा. तो सांगता येत नसेल, तर त्याला गर्दी कमी करायची आहे, आणि त्या गर्दीत त्याने आपल्यालाही धरलेले आहे.