अम्मीचा नवा फोन आणि विसरलेला पासवर्ड

मे महिन्याच्या सुटीत गावी गेलो, तर अम्मीचा फोन हौदात पडून बंद झालेला. नवा घेऊन दिला, नंबरही चालू झाला. पण घरच्या वायफायचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. आमच्या कोकणातल्या घरांची तऱ्हा आपण जाणताच. जाड चिऱ्याच्या भिंती. मोबाईलची रेंज हवी तर अंगणात फणसाखाली उभे राहायचे. वायफाय बसवले होते धाकट्या भावाने आणि तो जहाजावर. जहाज बंदराला लागले की त्याचा पहिला फोन अम्मीला येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर. तो आला नाही तर अम्मीला रात्रभर झोप नाही. भावजय माहेरी होती. तिला विचारले, तर म्हणाली, "यांनीच माझ्या फोनात टाकून दिला होता, मी पाहिलासुद्धा नाही."

मग अंदाज सुरू झाले. भावाचे नाव आणि पुढे 786. नाही. अम्मीचे नाव आणि 786. तेही नाही. (अब्जद हिशेबाने बिस्मिल्लाहचा हा आकडा आपल्याकडे इतक्या घरांच्या वायफायला असतो, की बाहेरचा माणूस पहिला अंदाज तोच करील. वायफायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, म्हणून पुढे नाव जोडतात, एवढाच फरक.) शेजारचा एक मुलगा राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसायला निघाला. आम्ही त्याचा हात धरला. त्या बटणाने पासवर्डबरोबर इंटरनेट देणाऱ्याने भरलेली माहितीही पुसली जाते, आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत सगळेच बंद. राउटरखालच्या चिठ्ठीवर कारखान्यातला पासवर्ड छापलेला असतो. तो भावाने बदललेला होता.

तेवढ्यात पुतण्या अभ्यासाचा लॅपटॉप उघडून बसला आणि त्याचे नेट सुरू झाले. म्हणजे पासवर्ड घरातच होता! संगणक एकदा वायफायला जोडला, की तो पासवर्ड स्वतःजवळ साठवून ठेवतो. फक्त मागायचा कसा, ते माहीत हवे.

विंडोजचा संगणक असेल, तर कीबोर्डवरचे विंडोजचे बटण दाबून धरून आर दाबावे. लहान चौकट येते. तीत इंग्रजीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असे लिहून एंटर करावे. समोर येणाऱ्या चित्रांपैकी वायफायवर दोनदा क्लिक करावे, मग 'वायरलेस प्रॉपर्टीज', त्यात 'सिक्युरिटी'. तिथे पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात. खालच्या 'शो कॅरेक्टर्स'च्या चौकोनात खूण केली, की ठिपक्यांची अक्षरे होतात. मध्येच संगणक परवानगी विचारतो. ती संगणकाचा मुख्य वापरकर्ता असेल त्यालाच देता येते. हातात जोडलेला अँड्रॉइड फोन असेल आणि तो दहाव्या आवृत्तीचा किंवा नंतरचा असेल, तर एवढाही खटाटोप नको. वायफायच्या सेटिंगमध्ये 'शेअर' दाबले की क्यूआर कोड येतो, तो नव्या फोनने स्कॅन करावा.

आम्ही खूण केली आणि दहा आकडे उमटले. मोठ्याने वाचू लागलो, तर चार आकड्यांतच अम्मी म्हणाली, "अरे, हा तर आपल्या जुन्या लँडलाइनचा नंबर! मला विचारायचं होतंत." उरलेले आकडे तिने न बघता सांगितले.

पण हे सगळे जितके सोपे, तितकेच काळजीचेही आहे, असे आम्हाला वाटते. चालू लॅपटॉपसमोर पाच मिनिटे बसलेला कुणीही हेच करू शकतो. जुना लॅपटॉप विकताना किंवा कुणाला देताना त्यातली वायफायची नावे 'फरगेट' करून काढून टाकावीत. पाहुण्यांसाठी अनेक राउटरमध्ये वेगळे 'गेस्ट' नेटवर्क असते, ते सुरू करून द्यावे. आणि शाळेतली मुले आम्हाला विचारतात म्हणून सांगतो: ही युक्ती आपल्या घरच्या संगणकापुरती. दुसऱ्याच्या घरी मालकाला विचारूनच.

लँडलाइनचा नंबर गावातल्या जुन्या वह्यांत अजून लिहिलेला असणार, म्हणून आम्ही पासवर्ड बदलला. सगळी यंत्रे पुन्हा जोडावी लागली; संध्याकाळ गेली. नवा पासवर्ड अम्मीने गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या डायरीत शेवटच्या पानावर लिहून कपाटात ठेवला. भाऊ सुटीवर आला की त्यालाही तो तिच्याकडूनच घ्यावा लागणार.