१२७ अंश? काहीतरीच काय!

परवा भर दुपारी शेजारचे काका दुकानदाराचा कागद घेऊन दारात हजर. "अरे, मदरबोर्ड १२७ डिग्रीला तापतोय म्हणे. बदलावा लागेल. जरा बघतोस का?" कोपरखैरण्याच्या उकाड्यात काहीही तापू शकतं हे मान्य, पण १२७? बोर्डावर चहा उकळला असता राव! आणि काका त्याच मशीनवर निवांत सोसायटीचे हिशेब लिहीत होते.

रात्रभर मशीन बंद ठेवायला सांगितलं. सकाळी चालू केलं, तर पहिल्याच सेकंदाला १२७. थंड लोखंड एका सेकंदात १२७ वर जात नाही. मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज, पंखे मोजणारी एक चिप असते (आयटीई किंवा नुव्होटॉनची बहुधा). तिच्यात जितक्या सेन्सरची सोय असते तितके सगळे बोर्डवाला जोडतोच असं नाही. मोकळ्या पिनेवरचा कचराही ती इमानदारीत आकडा म्हणून सांगते. आणि १२७ म्हणजे चिन्हासकट आठ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा. ते तापमान नव्हतंच, तिथे सेन्सरच नव्हता! आणि त्यावर मदरबोर्डचं बिल फाडायचं?

दुकानदार म्हणतात, गिऱ्हाइकाला आकडा दाखवला की पटतं. पटतं हो, म्हणूनच तर राग येतो. आकड्याचा अर्थ आधी स्वतःला तर कळू द्या.

बरं, प्रोसेसरचा आकडा तरी सरळ असतो का? इंटेलचा सेन्सर तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेच्या किती खाली आहोत, एवढंच सांगतो. सेन्सर म्हणाला "४५ खाली", तर मर्यादा १०० धरणारं सॉफ्टवेअर ५५ दाखवतं, ८५ धरणारं ४०. कोअर २ च्या काळात ही मर्यादा चिपमधून नीट वाचताच येत नव्हती, सॉफ्टवेअरवाले अंदाजाने धरायचे, आणि लोक त्यावर कूलर विकत घ्यायचे! एएमडीने तर २०१७ साली रायझन १८००एक्सच्या आकड्यात मुद्दाम २० अंश मिळवले होते, पंख्याच्या नियंत्रणासाठी. ज्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नव्हतं, ते बिनधास्त २० जास्त दाखवायचं.

उलटी गंमतही आहे. खोलीत ३४ अंश असताना "माझा सीपीयू २८ वर" म्हणून मिरवणारे भेटतात. साध्या पंख्याने खोलीपेक्षा थंड? हे सेन्सर मर्यादेजवळ अचूक राहावेत म्हणून बनवलेले असतात, खालच्या टोकाला ते वाट्टेल ते बोलतात.

असो. काकांच्या मशीनला अर्धा तास दमवलं. प्रोसेसर ७१ वर जाऊन थांबला, वेग एकदाही घसरला नाही. मूळ तक्रार होती "मशीन अडकतं", आणि ती निघाली जुन्या हार्ड डिस्कची, कटकट आवाज करत होती बिचारी. उद्या काका कागद घेऊन दुकानात चाललेत. मीही जातोय सोबत.