मेलबर्नचे तीन गोल

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावी एका शाळेच्या क्रीडा-पारितोषिक समारंभास जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. पूर्वाश्रमीच्या मास्तराला अशा निमंत्रणास नकार देणे जमत नाही. भाषण आटोपल्यावर मुलांनी काही विचारावे, असे आम्ही सुचविले. अशा वेळी बहुधा कोणी तोंड उघडीत नाही. परंतु नववीतला एक मुलगा उठला. फुटबॉलचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावरील, २०२४ साली प्रदर्शित झालेला ‘मैदान’ हा चित्रपट त्याने पाहिला होता. “सर, त्या रहीमसाहेबांना सरकारने कोणता पुरस्कार दिला?” त्याने विचारले. “कोणताच नाही,” आम्ही सांगितले. “मग इतरांना कसा मिळाला?” या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि खाली बसलो. ते उत्तर आम्हांलाच पटले नव्हते, म्हणून हा प्रपंच.

रहीम यांच्यापुरते उत्तर सोपे आहे. १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारा हा हैदराबादचा शिक्षक १९६३ च्या जूनमध्ये कर्करोगाने वारला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. परंतु सारा दोष पंचांगाच्या माथी मारता येत नाही. पुसेगाव व सारा मराठवाडा १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याच रहीम यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. त्या चारांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारत ४–१ असा हरला; तो एकुलता एक गोलही डिसूझांचाच होता. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव आहे आणि भारत चौथा आला. आपल्या फुटबॉल संघाला ऑलिंपिकमध्ये याहून वरची जागा त्यापूर्वी मिळाली नव्हती व त्यानंतरही मिळालेली नाही.

गोव्यातील आसगावात जन्मलेला, कूपरेजच्या मैदानावर नावारूपास आलेला हा खेळाडू १९८० साली, वयाच्या अट्ठेचाळिसाव्या वर्षाआधीच निधन पावला. त्याला ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्मश्री. हे वाचणाऱ्या किती मुंबईकरांना त्याचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. उत्तराची भीती वाटते.

यावर कोणी म्हणेल की, अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि तोवर डिसूझांचा भर ओसरला होता. ठीक. पण पद्म सन्मान तर १९५४ पासून होते. त्यांचे काय झाले हे पाहायचे तर क्रिकेटकडे वळावे लागते. १९५९ च्या डिसेंबरात कानपूरच्या कसोटीत जसू पटेल यांनी ऑस्ट्रेलियाचे चौदा गडी बाद केले आणि भारताने तो सामना जिंकला. पुढच्याच प्रजासत्ताक दिनी, म्हणजे जेमतेम महिनाभरात, ते पद्मश्री झाले. हा सन्मान अस्थानी होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो पराक्रम तसाच होता. परंतु प्रतिपक्ष तोच, ऑस्ट्रेलिया. पराक्रम तीनच वर्षांच्या अंतराने घडलेला. एकाची दखल दिल्लीने महिन्यात घेतली आणि दुसऱ्याची हयातभर घेतली नाही. फरक इतकाच की, कानपूरचा सामना देशाने कान देऊन ऐकला व त्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. मेलबर्नहून आलेल्या बातमीचे कौतुक दोन दिवसांत विरले. हा दोष सरकारचा जितका, तितकाच आमच्या धंद्याचा आहे, हे कबूल करावयास हवे.

फुटबॉलमधला पहिला पद्मश्री मिळाला तो १९६२ साली गोष्ठ पाल यांना. ते मोहन बागानचे; खेळ सोडून त्यांना पुष्कळ वर्षे झाली होती. तरीही त्यांचा गौरव झाला, कारण कलकत्त्याने त्यांना विसरू दिले नाही. तिथे क्लबांना स्मृती आहे, वृत्तपत्रांना अभिमान आहे, आणि सरकारदरबारी शब्द टाकणारी माणसे आहेत. पुढे १९७१ साली शैलेन मन्ना, १९८३ साली चुनी गोस्वामी, १९९० साली पी. के. बॅनर्जी यांना तोच मान मिळाला. गोस्वामी आणि बॅनर्जी यांच्या जोडीला तिसरा होता तुलसीदास बलराम. हे त्रिकूट म्हणजे त्या काळच्या भारतीय आघाडीचा कणा. तिघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही १९६१ ते १९६३ या लागोपाठच्या वर्षांत. पद्मश्री मात्र दोघांनाच. बलराम सिकंदराबादकडचे. ते बंगालमध्ये खेळले, बंगालमध्येच राहिले आणि २०२३ साली त्या सन्मानाविनाच गेले. खेळात त्या तिघांत उणेअधिक ठरविणे तज्ज्ञांनाही जड जाईल. मग निवड कशावर झाली?

आमचे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे सन्मान पराक्रमाच्या मागे जात नाही. तो शिफारशीच्या मागे जातो. पद्म सन्मानांसाठी आता कोणीही नागरिक संगणकावरून नाव सुचवू शकतो, ही सुधारणा चांगली आहे आणि तिचा लाभ काही अज्ञात, गुणी माणसांना झालाही आहे. पण नाव सुचविणारा कोणीतरी लागतोच. शिवाय अर्जुन पुरस्कारासाठी अलीकडच्या वर्षांतील पदकांची मोजदाद होते. आशियाई स्पर्धेत फुटबॉलमधले आपले शेवटचे पदक १९७० चे, तेही कांस्य. अशा तराजूत फुटबॉलपटूचे पारडे वर राहिले तर नवल नाही. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ साली, खेळ सोडल्यानंतर तपे लोटल्यावर. मिळाली हे समाधान, पण ती मिळविण्यासाठी माणसाने दीर्घायुषी असावे लागते, हे काही बरे नव्हे.

पदक असले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते १९८४ साली अपघातात गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, म्हणजे मरणोत्तर. पद्म सन्मान त्यांच्या हयातीत मिळाला नाही.

आता तांत्रिक अडचण अशी सांगितली जाते की, पद्म सन्मान सामान्यतः मरणोत्तर देत नाहीत; दिलाच तर निधन वर्षाच्या आतले असावे लागते. नियमामागचा हेतू आम्हांस कळतो. नाहीतर इतिहासातील प्रत्येक थोर पुरुषासाठी अर्ज येतील. तथापि कर्पूरी ठाकूर यांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी, २०२४ साली, त्यांना भारतरत्न देण्यात आले. त्या सन्मानाचे नियम निराळे असतील, पण विलंबाने न्याय करता येतो हे सरकारनेच दाखविले आहे. मग ऑलिंपिकमध्ये देशासाठी असामान्य कामगिरी करून उपेक्षित राहिलेल्या मोजक्या खेळाडूंपुरता, एकदाच, अपवाद का करू नये? अशी नावे शोधायला आयोग नेमण्याची गरज नाही. स्पर्धांचे निकाल छापील आहेत. क्रीडा मंत्रालयातील एखाद्या कारकुनाला दोन दुपारी पुरतील.

महाराष्ट्र सरकारनेही हात झटकून चालणार नाही. राज्याच्या शिफारशीत खेळाडूंची नावे जाताना फुटबॉल, कबड्डी, खो-खो यांचा विचार कोण करतो? मुंबईतील फुटबॉल संघटनांनी डिसूझा यांच्यासह आपल्या जुन्या ऑलिंपिक खेळाडूंची साद्यंत माहिती लिहून काढावी आणि राज्य सरकारने ती पुढील शिफारशीसोबत दिल्लीला पाठवावी. नियमावर बोट ठेवून ती परत आली, तर परत आलेली पत्रे आम्ही याच जागी छापू. पुसेगावच्या त्या मुलाला आम्ही पत्र पाठविले आहे. त्यात रहीम यांच्या नावाखाली नेव्हिल डिसूझा हे नाव लिहिले, आणि त्यांनाही काही मिळाले नाही, हे कळविले.