थिएटरमध्ये आपटलेला ‘ऑफिस स्पेस’ अजून का शेअर होतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांना ईमेल आला: गेल्या आठवड्यात काय काम केलंत, ते पाच मुद्द्यांत कळवा. लगेच सोशल मीडियावर १९९९ च्या ‘ऑफिस स्पेस’ची मीम्स फिरू लागली.

माइक जज यांच्या या सिनेमात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरकपातीसाठी दोन सल्लागार येतात. दोघांचंही नाव बॉब. आठवड्यात जेमतेम १५ मिनिटं काम करतो, असं खरंखरं सांगणाऱ्या पीटरला बढती मिळते. राबणाऱ्या मायकेल आणि समीरला मात्र नारळ! मिल्टनला तर पाच वर्षांपूर्वीच काढलंय, पण त्याला ते कुणी सांगितलेलंच नाही. चुकून सुरू राहिलेला त्याचा पगार मग गुपचूप बंद केला जातो.

थिएटरमध्ये सिनेमा फारसा चालला नाही. नंतर केबल टीव्ही आणि डीव्हीडीवर नोकरदारांना त्यात आपलाच बॉस दिसला. मिल्टनचा लाल स्टेपलर शूटिंगसाठी रंगवून घेतलेला होता. पण मागणी इतकी आली की स्विंगलाइन कंपनीने लाल स्टेपलर खरोखर बाजारात आणला.

मीम्समध्ये बहुतेकदा टर उडते ती ‘तुम्ही इथे नेमकं करता काय?’ या प्रश्नावर गडबडणाऱ्या टॉमची. सिनेमा मात्र हसतो बॉबद्वयीवर. त्यांनी मायकेल-समीरला काढलं आणि पीटरला साहेब केलं, हे मीममध्ये येत नाही.