पणजोबांचा नंबर काय होता?

समजा, तुम्ही नेऱ्याचे आहात. सकाळी पनवेलची बस पकडता, लेक्चर उरकता, संध्याकाळी परत. घरात पोटमाळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक आहे आणि 'आपले पणजोबा पलटणीत होते, बसऱ्याला जाऊन आले' हे एकच वाक्य घरात चालत आलंय. कुठली पलटण? कधी गेले? आजीला विचारलं तर ती म्हणते, तुझ्या आजोबांना ठाऊक होतं. आजोबा आता नाहीत. आणि पुढच्या वर्षी जुनं घर पाडून तिथे बिल्डिंग होणार आहे.

घर पाडताना ट्रंक भंगारात जाते. पदक चांदीचं असलं तर सोनाराकडे. म्हणून हा विषय आज, पुढच्या वर्षी नको.

पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उठवलेली असते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि वाचा. हा नंबर मिळाला की अर्धं काम झालं, कारण फौजेत माणूस नावाने नाही, नंबराने सापडतो. सखाराम, रामा, धोंडू या नावांचे एकाच कंपनीत चार-चार जण असायचे आणि कारकून आडनाव लिहीलच याची खात्री नव्हती. जे लिहिलं तेही साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. 'मराठा' हा शब्दच त्या काळच्या इंग्रजी कागदांत मध्ये एक जादा 'एच' घालून लिहिलाय. तेव्हा एक स्पेलिंग टाकून 'सापडलं नाही' म्हणू नका. पाच-सहा टाकून बघा.

दुसरी गंमत जिल्ह्याची. १९८१ पर्यंत आपला जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. जुन्या नोंदीत 'कुलाबा' दिसलं की मुंबईतल्या कुलाब्याचा कोणी समजून पुढे जाऊ नका. तो कदाचित तुमच्या शेजारच्या पाड्यावरचा असेल.

आपल्याच जिल्ह्यातलं एक नाव मात्र पटकन सापडतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मशिनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या गनवर चालून गेले, ती बंद पाडली आणि नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि माणगावात पुतळा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर त्यांची नोंद फुकट बघता येते.

पण त्यांना मोठं पदक मिळालं म्हणून त्यांचा कागद जपला गेला. बाकीच्यांचं काय? डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कुत गावात जी फौज वेढ्यात अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने टेकीला येऊन सगळी फौज शरण गेली. कैदेत पुढे किती तरी मेले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीप्रमाणे नुसता आकडा. ही विषमता होती हे कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात कबूल केलं आणि माफी मागितली. त्या आकड्यात कोण कोण होतं, हे सांगू शकणारा कागद एखाद्या घरच्या ट्रंकेतही असू शकतो.

कोणी म्हणेल, इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय कौतुक करायचं? नका करू. शिपायाला महिना ११ रुपये मिळायचे आणि घरी खाणारी तोंडं होती, हेही त्या इतिहासातच येतं. कागदात 'पळून गेला' असं निघालं तरी तो आपलाच पणजोबा. महार पलटणीचं उदाहरण घ्या. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडूनही टाकली. जे त्यात होते त्यांच्या नातवंडांना पलटणीचा पत्ताच राहिला नाही. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला.

पंजाबात बघा. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली रजिस्टरं उघडली तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी निघाल्या आणि २०२१ पासून त्या ऑनलाइन यायला लागल्या. आपल्याकडे सुरुवात गावातूनच करावी लागेल. 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले' अशा दगडी पाट्या महाराष्ट्रात कित्येक गावांत आहेत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत, चुन्याखाली दडलेल्या. एनएसएसच्या शिबिरात दरवर्षी आपण तेच झाडू मारतो. एक वर्ष तालुक्यातल्या भिंती तपासल्या आणि म्हाताऱ्या माणसांशी बोललो, तर काय बिघडेल? आमची तर मागणी आहे की इतिहासाच्या प्रोजेक्टला नेटवरून उतरवलेल्या पानांऐवजी हे काम धरावं आणि मार्क द्यावेत.

आजोबा स्वातंत्र्यानंतरच्या फौजेत असतील तर घाई जास्त करा. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानाचे कागद रेकॉर्ड ऑफिसात २५ वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. पेन्शन असेल तर पेन्शनच्या आदेशावर, ज्याला घरात सगळे 'पीपीओ' म्हणतात, नंबर असतोच. डिस्चार्ज बुकातही असतो. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, नात्याचे पुरावे न्या, अर्ज कसा करायचा ते तिथे विचारा. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर पत्र बेळगावला जाईल. नंबराशिवाय पाठवलंत तर उत्तराची फार वाट पाहू नका.

आणि पदक सापडलं तर कृपा करून चिंच लावून घासू नका. कडेवरची अक्षरं आधीच झिजलेली असतात. फोटो काढा, वहीत उतरवून घ्या आणि आजीला दाखवा.