खांबांवरची माणसं

मुंबई-पुण्याकडच्या पुष्कळांनी कार्ल्याचं लेणं पाहिलेलं असतं, ते एकवीरा आईच्या दर्शनाला गेल्यावर. ओटी भरायची, नवस फेडायचा आणि जाता जाता चैत्यगृहात डोकावायचं. आम्हीही असेच जात आलो. यंदा मात्र फक्त लेण्यासाठी गेलो आणि खांबांवरचे लेख एकेक करून पाहत राहिलो.

सुमारे 2000 वर्षांपूर्वी सबंध कातळात कोरलेलं, साधारण 38 मीटर खोल असं हे देशातलं सर्वांत मोठं चैत्यगृह. इथे राज्यकर्त्यांचेही लेख आहेत. भिक्खूंच्या निर्वाहासाठी क्षत्रपांनी गाव दिलं, सातवाहनांनीही दिलं. पण खांब बहुतेक साध्या माणसांचे. धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेले कितीतरी. तिथल्याच सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दार दिलं. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी तर हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं अभिमानाने कोरवून गेला.

आमचं मन अडकलं ते सामीपाशी. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा. दार आपण घडवलं, एवढंच तो सांगतो. दात्यांच्या मांदियाळीत हा कारागीर बापाच्या नावासकट उभा आहे! सुताराचं इथे काय काम, ते मान वर केली की कळतं. छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या मूळच्याच. कातळाला त्यांची गरज नाही. काढल्या तरी छत ढळणार नाही. पण लाकडात घरं बांधत आलेल्या हातांना कमानींवाचून छत पुरं वाटलं नसावं. स्तूपावरचं छत्रही लाकडाचंच.

आपण वारसा म्हणतो तेव्हा राजांचीच नावं घेतो, हे आम्हाला फार खटकतं. म्हणून या अंकाच्या लेखकांना विनंती केली, की पाहून झालेल्या एखाद्या जुन्या वास्तूकडे पुन्हा जा. ती कुणी घडवली, कुणाच्या पदरच्या पैशांतून उभी राहिली, ते शोधा. कुणी बारवेवर लिहिलं आहे, कुणी घाटावर, कुणी गावच्या वेशीवर.

एकवीरेला जाल तेव्हा दर्शनानंतर तासभर हाताशी ठेवा आणि लेण्यात शिरण्याआधी दारापाशी थांबून सामीचा लेख शोधा.